मेणबत्तीची डबी घेताना आधी बूड पाहावे

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी घरी केलेल्या मेणबत्त्यांपैकी एक सासूबाईंच्या शिसवी तिपाईवर ठेवली होती. डबी अतिशय देखणी होती. निळ्या रंगावर सोनेरी वेलबुट्टी होती, झाकण घट्ट बसणारे होते आणि हातात घेतल्यावर ती भक्कमही वाटत असे. दोन-अडीच तास जळल्यावर मी ती विझवली आणि सकाळी उचलायला गेले, तेव्हा ती तिपाईला चिकटून बसली होती. डबीच्या उभ्या जोडातून वितळलेले मेण हळूहळू झिरपले होते, आणि त्यातल्या सुगंधी तेलाने तिपाईच्या पॉलिशचा पार चिकटा करून टाकला होता. तो पांढरट गोल डाग आजही तेथे आहे. सासूबाईंनी आवाज चढवला नाही, त्यांनी एवढेच विचारले, "अगं, आधी डबीत पाणी घालून बघितलं होतंस का?"

मी बघितले नव्हते. मेण मी ग्रॅमच्या काट्यावर तोलले होते, सुगंधी तेलाचे प्रमाण वहीत लिहून ठेवले होते, तीन जाडीच्या वाती जाळून त्यांतली एक निवडली होती. डबी मात्र भेटवस्तूचा कागद निवडावा तशी रंग बघून उचलली होती. त्या सकाळपासून मी दुकानात कोणतीही डबी हातात घेतली की पहिल्यांदा ती उलटी करते, मग झाकण काढून आतून बोट फिरवते, आणि वेलबुट्टी शेवटी पाहते. या तीन वर्षांत जे कळले ते येथे लिहून ठेवत आहे, कारण दिवाळी जवळ आली की ओळखीच्या चार-पाच जणी हाच प्रश्न विचारतात आणि प्रत्येकीला फोनवर सगळे सांगणे होत नाही.

माझी निळी डबी गळली त्यात ती डबी करणाऱ्याचा काही दोष नव्हता. अशा नक्षीदार डब्या बिस्किटे, चहा, मुखवास असल्या कोरड्या जिनसांसाठी केलेल्या असतात. पत्र्याची पट्टी गोल वळवायची, तिच्या दोन कडा एकमेकींत आकड्यासारख्या अडकवून दाबायच्या आणि बुडाचा गोल पत्रा खालून दुमडून बसवायचा, एवढीच त्यांची घडण असते. जोडात ना वेल्डिंग असते ना कोणते भरण. बिस्किटांना तेवढे पुरते. मेण घट्ट असताना आपणच फसतो, कारण ते दगडासारखे बसलेले दिसते आणि डबीला द्रव धरून ठेवायचा आहे याचे भान राहत नाही. वात पेटल्यावर तेच मेण पातळ तेल होते, त्यात सहा ते दहा टक्के सुगंधी तेल मिसळलेले असते, आणि गरम तेल जेथे शिरते तेथे पाणीही कित्येकदा शिरत नाही.

याउलट, टोमॅटोची प्युरी किंवा आटवलेले दूध ज्या डब्यात येते तो डबाही पत्र्याच्या तुकड्यांचाच असतो, पण त्याचा उभा जोड वेल्डिंगने सांधलेला असतो, बूड दुहेरी दुमडीने बसवलेले असते, आणि त्या दुमडीच्या आत रबरासारखे भरण घातलेले असते. म्हणूनच तो वर्षभर फळीवर पडून राहिला तरी पाझरत नाही. तिसरा प्रकार बिनजोडाचा. त्यात पत्र्याची एकच चकती यंत्राखाली दाबून तिची वाटी ओढून काढतात, त्यामुळे बुडाला किंवा बाजूला जोडच नसतो आणि जेथे जोड नाही तेथून गळण्याचा प्रश्नही उरत नाही. घरगुती मेणबत्तीसाठी मी आता हाच तिसरा प्रकार घेते. त्यात अ‍ॅल्युमिनियमही मिळते आणि कथिलाचा थर दिलेला पोलादी पत्राही मिळतो. दुकानात मात्र या सगळ्यांना सरसकट 'टिन'च म्हणतात, तेव्हा नावावर जाऊ नये.

बिनजोड डबी ओळखणे सोपे आहे, पण ती आतून ओळखावी लागते, कारण बाहेरच्या छपाईखाली जोड बेमालूम लपतो. झाकण काढून आतल्या भिंतीवरून तर्जनी गोल फिरवावी. कोठेही उभी रेघ किंवा उंचवटा लागला तर तो जोड आहे. मग भिंत आणि बूड जेथे मिळतात त्या कोपऱ्यात नख घालावे. बिनजोड डबीत तेथे वाटीसारखा गुळगुळीत बाक असतो, तर जोडलेल्या डबीत नख अडकेल अशी बारीक खाच असते. दुकानदार कधी कधी वैतागतात, पण दहावीस डब्या घेणाऱ्या गिऱ्हाइकाने एवढे पाहणे काही गैर नाही.

खाच आढळली म्हणून डबी लगेच टाकून द्यावी असेही नाही, पण मग तिची परीक्षा घ्यावी. मी डबी काठोकाठ पाण्याने भरते, त्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन-तीन थेंब टाकते आणि ती वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर रात्रभर ठेवते. साबण घालण्याला कारण आहे. साध्या पाण्याचा पृष्ठताण बराच असतो, त्यामुळे अगदी बारीक फटीच्या तोंडाशी ते थेंब धरून थांबते आणि डबी चांगली असल्याचा भास होतो. साबणाने तो ताण उतरला की तेच पाणी फटीत शिरते आणि सकाळी कागदावर कडे उमटते. तरीही गरम तेलाची सर पाण्याला येत नाही, म्हणून नव्या दुकानातून आणलेल्या मालातली एक डबी मी प्रत्यक्ष मेण आणि सुगंधी तेल भरून, फरशीवर कागद अंथरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत जाळून पाहते आणि मगच बाकीच्यांना हात लावते. ही एक मेणबत्ती वाया गेली असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आमची तिपाई पाहून जावी.

आता बुडाच्या दुसऱ्या गुणाकडे येते, आणि येथेच मला सासूबाईंची खरी मदत झाली. त्यांचे बालपण रत्नागिरीजवळ गेले. घरात तांब्यापितळेची भांडी होती आणि वर्षातून एकदा कल्हईवाला अंगणात भाता लावून बसत असे. भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकायची, कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला धातू आतून झरझर फिरवायचा. क्षणात काळपट भांडे चांदीसारखे दिसू लागते. पुण्यात तांबट आळीच्या परिसरात हे काम आजही पाहायला मिळते. मी एकदा मेणबत्ती पार तळापर्यंत जळू दिली आणि डबीचे बूड निळसर-तपकिरी पडले, ते पाहून सासूबाई म्हणाल्या, "कल्हईचं भांडं रिकामं कधी आचेवर ठेवायचं नसतं. आत काहीतरी असेल तोवर भांडं सांभाळतं, कोरडं झालं की कल्हई सुटते."

शास्त्र नेमके तेच सांगते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. भांड्यात पाणी किंवा आमटी असेपर्यंत बुडाचे तापमान शंभराच्या फार पुढे जात नाही; भांडे कोरडे पडले की चुलीची आच थेट कथिलावर येते. आपल्या डबीचा पोलादी पत्रा हीदेखील एक प्रकारची कल्हईच आहे, फरक एवढाच की कापसाच्या बोळ्याऐवजी विजेच्या साहाय्याने कथिलाचा थर चढवलेला असतो. जमशेदपूरला गोलमुरी येथे १९२० च्या दशकापासून कथिलाचा थर दिलेला पत्रा तयार होत आहे आणि आजच्या या पत्र्यासाठी आयएस १९९३ या क्रमांकाचे भारतीय मानकही आहे. थर किती पातळ असतो याचा अंदाज यावा म्हणून सांगते: प्रत्येक बाजूला चौरस मीटरमागे २.८ ग्रॅम कथील ही नेहमीची प्रतवारी आहे, आणि कथिलाची घनता धरून हिशेब केला तर त्या थराची जाडी ०.४ मायक्रॉनसुद्धा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरत नाही. कल्हईवाल्याचा थर याहून पुष्कळ जाड असे.

मेणबत्तीच्या ज्योतीचा सर्वांत तप्त भाग हजार अंशांच्या वर असतो. तरीही डबी सुखरूप राहते, कारण ज्योत आणि बूड यांच्यामध्ये मेण असते. ते वितळताना उष्णता शोषून घेते आणि वितळलेले मेण ती सगळीकडे पसरवते. सोया मेण साधारण ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान वितळते, मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना. मेणाचा शेवटचा पातळ थर उरला की हे संरक्षण संपते. वात जवळजवळ धातूवर टेकते, उरलेले थोडे मेण अतोनात तापते, आणि ते दोनशे अंशांच्या आसपास किंवा पुढे गेले तर त्याची वाफच पेट घेऊ शकते. मग वातीपुरती ज्योत न राहता डबीचे सारे तोंड पेटते. म्हणून तळाशी एक सेंटिमीटर मेण उरले की मेणबत्ती संपली असे समजावे. ही गोष्ट मी प्रत्येक डबीच्या चिठ्ठीवर लिहिते, पण लोक चिठ्ठी वाचत नाहीत. त्यामुळे वातीच्या तळाशी जी धातूची चकती असते, जिला दुकानात सस्टेनर म्हणतात, ती उंच मानेची घेते. मान सहा ते नऊ मिलिमीटर असेल तर मेण त्या पातळीला आले की वातीला मेण मिळेनासे होते आणि ज्योत आपोआप विझते. साधी बुटकी चकती ज्योतीला अगदी बुडापर्यंत नेऊन पोचवते.

बुडाची तिसरी परीक्षा बाहेरून घ्यायची. डबी उलटी धरून तिच्या बुडावर पट्टी आडवी ठेवावी. कडेला उंच कंगोरा असेल आणि मधला भाग दोन-तीन मिलिमीटर आत गेलेला असेल, तर पट्टीखालून उजेड दिसतो. हीच ती हवेची फट, जी टेबलाला वाचवते. सपाट बूड लाकडावर किंवा मेणकापडावर पूर्ण टेकते आणि आपली सारी उष्णता त्याला देते. काच तडकते म्हणून आपण धातूकडे वळतो हे खरे, पण काचेपेक्षा धातू कितीतरी अधिक उष्णतावाहक असतो, हे त्या आनंदात विसरून चालत नाही. फट असलेली डबीसुद्धा मी घरी फरशीच्या तुकड्यावर किंवा मातीच्या पणतीच्या थाळीतच ठेवते. फट फार खोल असेल तर मात्र आतून बुडाचा मध्य घुमटासारखा वर येतो, वातीची चकती त्या घुमटावर बसते आणि मेण भोवतीच्या खळग्यात उरते. अशी डबी मी परत करते.

अ‍ॅल्युमिनियम घ्यावे की पोलादी पत्रा, हा प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो, आणि माझे उत्तर गावानुसार बदलते. दोन्ही ओळखण्यासाठी फ्रिजवरचे चुंबक पुरे. पोलादी पत्र्याला ते चिकटते, अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही. सारख्या जाडीची अ‍ॅल्युमिनियमची डबी वजनाने जेमतेम एक तृतीयांश भरते, म्हणून ती हातात हलकी लागली तर कमअस्सल आहे असे मानू नये. पोलादी पत्र्याचा शत्रू गंज. कथिलाच्या थराखाली लोखंडच असते, आणि कथील हे जस्तासारखे स्वतः झिजून लोखंडाला वाचवत नाही. उलट थरावर ओरखडा पडला की दमट हवेत उघडे पडलेले लोखंड अधिक वेगाने गंजते. पत्रा जेथे कापलेला असतो त्या कडेवर तर थर नसतोच. आषाढ-श्रावणात चिपळूणला पाठवलेल्या माझ्या सहा डब्यांच्या काठांवर महिन्याभरात तांबूस रेषा आल्या होत्या, त्याच खेपेतल्या पुण्यात राहिलेल्या डब्या मात्र दिवाळीपर्यंत लख्ख होत्या. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहणाऱ्यांनी म्हणून अ‍ॅल्युमिनियम घ्यावे, आणि तेही आतून-बाहेरून लॅकर म्हणजे वार्निशसारखा लेप दिलेले, कारण खाऱ्या हवेत उघड्या अ‍ॅल्युमिनियमवरही पांढुरके ठिपके पडतात. देशावर पोलादी पत्रा चालतो, आणि त्याचा टणकपणा मला अधिक आवडतो. अ‍ॅल्युमिनियमला पाठवणीत फार लवकर पोचे येतात.

धातू बदलला की वातही पुन्हा तपासावी. अ‍ॅल्युमिनियम साध्या पोलादाच्या चौपटीहून अधिक सुलभपणे उष्णता वाहून नेते, त्यामुळे ज्योतीची उष्णता भिंतीतून खाली उतरते आणि मेणाचे तळे अपेक्षेपेक्षा लवकर व खोल होते. काचेच्या ग्लासात जी वात नीट जळत होती तीच धातूच्या डबीत मला जवळजवळ प्रत्येक वेळी एक आकडा मोठी ठरली आहे. वात मोठी झाली की ज्योत उंच होते, काजळी धरते आणि डबीचा काठ हात लावू देत नाही. मेणबत्त्यांच्या अग्निसुरक्षेसाठीच्या अमेरिकेतील एएसटीएम एफ२४१७ या मानकात ज्योतीची उंची साधारण ७५ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतली आहे. माझ्या लहान डब्यांत मी तिच्या निम्म्यावरच थांबते.

व्यासाबद्दल थोडक्यात सांगते. एका वातीसाठी आतून सहा ते आठ सेंटिमीटर व्यासाची, सरळ भिंतीची डबी सर्वांत सोपी जाते. त्याहून रुंद डबीत एक वात कडेचे मेण वितळवू शकत नाही आणि मध्ये विहीर पडते, तर त्याहून अरुंद डबीत ज्योत भिंतीच्या फार जवळ येते. तोंडाशी आत वळलेला खांदा असलेली डबी हवा अडवते. चौकोनी डब्या दिसतात छान, पण त्यांच्या कोपऱ्यांतले मेण शेवटपर्यंत तसेच राहते. किती मेण लागेल याचा हिशेब दुकानदाराने सांगितलेल्या मिलिलिटरवरून करू नये, स्वतः करावा. माझी नेहमीची डबी आतून साडेसात सेंटिमीटर व्यासाची आणि पाच सेंटिमीटर उंच आहे. वर सव्वा सेंटिमीटर मोकळे सोडून पावणेचार सेंटिमीटरपर्यंत भरले तर आकारमान सुमारे १६५ मिलिलिटर होते, आणि वितळलेल्या सोया मेणाचे मिलिलिटरला ०.८७ ग्रॅमच्या आसपास वजन धरले तर एका डबीला १४४ ग्रॅम मेण लागते. वरची ती मोकळी जागा म्हणजे काटकसर नव्हे. वाऱ्याने ज्योत हलली तरी ती काठाच्या आत राहते आणि झाकण लावायला वाव राहतो.

पत्र्याच्या जाडीवरून मी पूर्वी फार काथ्याकूट करत असे. भावाच्या कारखान्यातून मायक्रोमीटर आणून डब्या मोजल्याही, आणि त्यातून एवढेच हाती लागले की अंगठ्याने भिंत दाबल्यावर टक् असा आवाज होऊन ती आत जात असेल आणि पुन्हा बाहेर येत असेल, तर डबी पातळ आहे. एवढ्यासाठी मायक्रोमीटरची गरज नाही.

आतल्या बाजूस दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली तेलाची. पत्रा यंत्राखाली ओढताना त्याला वंगण लावलेले असते आणि नव्या डबीच्या बुडावर त्याचा बोटाला न जाणवणारा पापुद्रा राहतो. वातीची चकती त्यावर चिकटवली तर गरम मेण ओतताच सुटते, वात तिरकी होऊन भिंतीला टेकते, आणि मग ज्योत डबीचा एकच कडा तापवत बसते; बाहेरचा रंग जळून वास येण्याचे माझ्या अनुभवातले सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे. म्हणून प्रत्येक डबी कोमट पाण्यात साबणाने धुवावी, पुसून दोन-तीन तास उन्हात किंवा मंद गरम ओव्हनमध्ये पूर्ण वाळवावी, आणि मगच वात लावावी. 'पूर्ण' या शब्दावर माझा भर आहे, कारण मेणाखाली अडकलेला पाण्याचा थेंब पुढे तापला की तडतडतो आणि मेणाचे शिंतोडे उडतात.

दुसरी गोष्ट रंगाची. सुगंधी तेले ही चांगलीच विरघळवणारी द्रव्ये असतात. तिपाईचे पॉलिश ज्याने खाल्ले ते हलक्या प्रतीचा रंग कसा सोडेल? जे तेल वापरणार तेच कापसाच्या बोळ्यावर घेऊन डबीच्या बाहेर आणि आत चोळावे, रात्रभर तसेच ठेवावे आणि सकाळी पांढऱ्या कापडाने पुसावे. कापडावर रंग आला किंवा आतले लॅकर चिकट झाले तर ती डबी मेणबत्तीसाठी नाही. दालचिनी-लवंगेच्या तेलांनी मला याबाबतीत सर्वांत अधिक त्रास दिला आहे. डबीवर 'फूड ग्रेड' लिहिले आहे म्हणून निश्चिंत होऊ नये; त्यातून फार तर आतला लेप खाद्यपदार्थाला चालतो एवढे कळते, डबी गळत नाही किंवा तापल्यावर रंग टिकतो असे काही त्यातून ठरत नाही.

घरातल्या रिकाम्या डब्या वापराव्यात का, असे काटकसरीने वागणारी माणसे विचारतात, आणि त्या वृत्तीबद्दल मला आदरच आहे. प्युरीचा किंवा आटवलेल्या दुधाचा डबा, धारदार काठ कानशीने घासून बोथट केला, तर घडणीने उत्तम असतो. फक्त त्याची उंची व्यासाच्या मानाने अधिक असल्याने मेण अर्ध्यापर्यंतच भरावे, नाहीतर ज्योत पुढे खोल विहिरीत जाऊन गुदमरते. बुटाच्या पॉलिशची डबी पाहून मला सुरुवातीला फार आनंद झाला होता, कारण तिच्यात मुळात मेणच असते. परंतु त्या मेणात टर्पेंटाइनसारखी ज्वालाग्राही द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती झाकणाच्या खाचेत मुरून राहतात, म्हणून ती डबी कधीही वापरू नये. रंगाचे, थिनरचे, कीटकनाशकाचे डबे याच कारणाने वर्ज्य आहेत.

जुन्या बाजारातल्या जुन्या नक्षीदार डब्यांचा मोह मला अजून सुटलेला नाही, तरी मी त्यांत मेण घालत नाही. पूर्वी डब्यांचे जोड शिसे मिसळलेल्या सोल्डरने सांधत असत. अमेरिकेने खाद्यपदार्थांच्या डब्यांतील अशा सोल्डरवर १९९५ मध्ये बंदी घातली, यावरून ती पद्धत किती अलीकडेपर्यंत चालू होती ते कळते. जुन्या रंगांतही शिसे असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भागांवर आणणारे नियम २०१६ चे आहेत आणि ते २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. पन्नास वर्षांपूर्वीची डबी तापवून तिचा वास घरात पसरवण्यापेक्षा ती फळीवर शोभेसाठी ठेवावी. शिशाचा विषय निघालाच आहे तर वातीचेही सांगते. वातीत मध्ये तार दिसली तर ती पांढऱ्या कागदावर घासावी. शिसे पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटवते, जस्त उमटवत नाही. अमेरिकेत शिशाच्या तारेच्या वातींवर २००३ पासून बंदी आहे. मी स्वतः बिनतारेची सुती वातच वापरते, म्हणजे घासून पाहण्याचा प्रश्नच राहत नाही.

झाकणाकडे लोक शोभा म्हणून पाहतात, पण मेणबत्ती विझवण्याचे सर्वांत चांगले साधन तेच असते. ज्योतीवर झाकण ठेवले की हवा तुटते, धूर आतच राहतो आणि फुंकर मारताना गरम मेण उडण्याची भीती नसते. मात्र त्यासाठी झाकण निखळ धातूचे हवे. मधोमध पारदर्शक प्लास्टिकची खिडकी असलेले झाकण मी घेत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या ज्या डब्या क्रीम-मलमांसाठी केलेल्या असतात, त्यांच्या झाकणात आतून पांढऱ्या फोमची चकती बसवलेली असते. ती आठवणीने काढून टाकावी, नाहीतर पहिल्याच वेळी ती वितळून मेणात पडते. आट्यांच्या झाकणापेक्षा नुसते वरून बसणारे झाकण बरे, कारण आट्यांत मेण जाऊन बसले की पुढच्या वेळी ते फिरतच नाही. डबीभोवती ज्यूटची दोरी बांधणे, मेणावर वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि दालचिनीचे तुकडे रोवणे हे छायाचित्रापुरते ठीक असेल. पेटवायच्या मेणबत्तीत ती सगळी जादा वातींची सोय आहे.

तयार मेणबत्ती जाळून पाहताना वात पाच-सहा मिलिमीटरवर कापावी, एका वेळी चार तास जळू द्यावी आणि दर तासाला ज्योतीची उंची, काजळी आणि डबीची उष्णता वहीत लिहावी. बंदुकीसारख्या इन्फ्रारेड तापमापीने मोजणार असाल तर एक धोका लक्षात असू द्यावा: चकचकीत धातूवर ती प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी आकडा दाखवते, कारण चमकदार पृष्ठभाग स्वतःची उष्णता फार थोडी उत्सर्जित करतो आणि खोलीचेच प्रतिबिंब परत पाठवतो. हाताला चटका देणारी डबी तापमापीवर गारढोण दिसल्याचे मी पाहिले आहे. डबीवर मास्किंग टेपचा एक तुकडा चिकटवून त्यावर नेम धरला की आकडा विश्वासार्ह येतो. अनेक डब्या एका वेळी जाळत असाल तर दोहोंमध्ये किमान दहा सेंटिमीटर अंतर ठेवावे, कारण त्या एकमेकींना तापवतात. आणि डबीचे सारे तोंड पेटल्यासारखे दिसले तर पाणी मुळीच ओतू नये. पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि जळते मेण तिच्याबरोबर वर उसळते. झाकण किंवा धातूचे ताट वर ठेवावे, आणि डबी पूर्ण निवेपर्यंत तिला हलवू नये.

यंदा मी चोवीस डब्या घेतल्या. त्या पोलादी पत्र्याच्या, बिनजोड म्हणूनच सांगितलेल्या होत्या. घाऊक दुकानातल्या मुलाने मला एकेक डबी उलटी करताना पाहून "मॅडम, सगळ्या सारख्याच आहेत" असे दोनदा सांगितले, आणि बाविसांबाबत त्याचे म्हणणे खरे निघाले. उरलेल्या दोन डब्या दुसऱ्या कोणत्यातरी खोक्यातून आल्या असाव्यात, कारण त्यांच्या आत नख अडकले आणि रात्रभरात वर्तमानपत्रावर दोन ओली कडी उमटली. त्या दोन्ही सासूबाईंनी मागून घेतल्या. एकीत आता त्यांच्या सुया आणि बटणे आहेत, दुसरीत खडीसाखर आहे, आणि दोन्ही त्याच तिपाईवर डागावर ठेवलेल्या आहेत.